खंड्याचे पोट तिसऱ्यांदा फुगले

घराच्या भिंतीवर मी खंड्या पक्षी, फेरीबोट आणि तिवरांचे चित्र रंगवतोय. त्यातला खंड्या पूर्ण झाल्याचे मागच्या वेळी कळवले होते. अकराव्या दिवशी सकाळी लेकीने हाक मारली, "बाबा, खंड्याचं पोट फुगलंय." बोट लावले तर रुपयाएवढा तपकिरी पोपडा हातात आला. मागे मिठासारखी पांढरी लव. पुन्हा खार!

पहिल्यांदा मी पुट्टीला दोष दिला, दुसऱ्यांदा प्रायमरला. या वेळी ब्रश बाजूला ठेवून नुसती भिंत पाहत बसलो. फुगे कसेही आलेले नाहीत. जमिनीपासून ३ फुटांवर आडव्या ओळीत आहेत, म्हणजे बरोबर सिमेंटचा गिलावा संपतो तिथे. आमचे घर चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे, गिलावा चुन्याचा. खालचे ३ फूट कधीतरी सिमेंटने लिंपले. चिरा पाणी शोषतो, सिमेंट ते बाहेर सोडत नाही, मग ओल वर चढते आणि माझ्या इमल्शन रंगाच्या थरामागे अडकते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि रंग ढकलतात.

पण डिसेंबरात ओल कुठली? फूटभर प्लास्टिकचे दोन तुकडे चारही बाजूंनी टेप लावून चिकटवले, एक खाली, एक वर. सकाळी खालच्या तुकड्याला भिंतीकडच्या बाजूने थेंब, वरचा कोरडा. हवेतला दमटपणा नव्हेच. मागच्या दारी गेलो आणि उलगडा झाला. न्हाणीचे पाणी आजीच्या काळापासून केळींना जाते, आणि दोन वर्षांपूर्वी आळे रुंद करताना आम्ही ते थेट भिंतीला भिडवले. त्याच संध्याकाळी पाइप लावून पाणी पलीकडच्या माडाला वळवले. टूथपिकच्या एका पांढऱ्या ठिपक्याने खंड्याचा डोळा जिवंत झाला होता, तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.

खार कोरड्या ब्रशनेच झाडा. मागच्या वेळी मी धुतला, तो विरघळून परत भिंतीत गेला. आणि दुकानदार आतून वॉटरप्रूफ कोट द्यायला सांगेल, तर जुन्या चिऱ्याच्या घरात देऊ नका. ओल आणखी वर चढेल. प्लास्टिकला लावलेल्या खाकी पॅकिंग टेपने माझ्या चित्रातल्या फेरीबोटीचा कठडाही उचलून नेला. कागदी मास्किंग टेपच घ्या.

आता सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा करायचा, भिंत वाळू द्यायची आणि चित्र पुन्हा खालपर्यंत न्यायचे, असे ठरवले होते. पण हे लिहितानाच वाटते, खाली इमल्शन हवेच कशाला? तिथे कावी करू! गोव्यातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर असते तशी: पांढऱ्या चुन्यावर काव (तांबडी माती) मिसळलेल्या चुन्याचा थर, आणि तो ओला असतानाच कोरून आतला पांढरा काढायचा. गोव्यातल्याच चोडण बेटावरचे सलीम अली पक्षी अभयारण्य अवघे १.८ चौरस किलोमीटर, पण त्यातला चिखल आणि तिवरांची वर आलेली मुळे माझ्या १२ फुटी भिंतीवर ब्रशने कधी जमलीच नव्हती. तांबड्यात पांढरी कोरली तर जमतील. वर खंड्या आणि फेरीबोट आहेत तशीच राहतील, फक्त पोट पुन्हा रंगवायचे.

दुपारी एका कौलावर दोन्ही थर देऊन पाहिले. चुना हाताला लागतो म्हणून लेकीला हातमोजे घातले आणि खिळा दिला. तिने खेकडा कोरला. नांगीची रेघ एका दमात, कड कुठेही न ढासळता, पांढरीशुभ्र आली.