दमा असेल तर दह्याआधी गूळ, बेदाणे आणि जेवणाची वेळ तपासा

घरात कुणाला दमा आहे असं कळलं की पहिली कुऱ्हाड दह्यावर पडते. पाठोपाठ केळं, ताक, पेरू, दूध. पोराच्या पानातले निम्मे पौष्टिक पदार्थ जातात आणि दमा आहे तिथेच राहतो. दुधाने फुप्फुसात कफ वाढत नाही. दूध लाळेत मिसळलं की घशाशी थोडा वेळ दाटपणा जाणवतो, त्यालाच आपण कफ समजतो. दुधाची खरी ॲलर्जी वेगळी. तिच्यात बहुधा अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, उलटी अशीही लक्षणं दिसतात. बर्फगार पेयाने मात्र काहींना लगेच खोकल्याची उबळ येते. तसं होत असेल तर दही-ताक फ्रीजमधून अर्धा तास आधी बाहेर काढा, बंद करू नका.

ही बंदी महागातही पडते. दमा उसळल्यावर ज्यांना वारंवार स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागतात, त्यांची हाडं ठिसूळ होऊ शकतात. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. कपभर दुधातून त्यातलं 240 च्या आसपास मिळतं, 50 ग्रॅम पिठाच्या नाचणीच्या भाकरीतून साधारण 170.

रात्री दोन-तीनच्या सुमाराला खोकल्याने जाग येते, घशाशी आंबट येतं? मग काय खाल्लं यापेक्षा कधी खाल्लं ते बघा. पोटातलं आम्ल वर अन्ननलिकेत आलं की श्वासनलिका आकसू शकतात. रात्रीचं जेवण झोपण्याआधी किमान तीन तास उरका. पलंगाचे डोक्याकडचे पाय ठोकळे लावून 15 सेंटिमीटर उचला. उशीवर उशी रचण्याचा उपयोग होत नाही, कारण अंग कमरेत दुमडतं आणि पोटावर उलट दाब वाढतो. उपासाच्या दिवशी रात्री उशिरा तुपातली साबुदाण्याची खिचडी आणि वर तळलेले पापड हा तर हमखास त्रासाचा बेत. थिओफिलिनची (श्वासनलिका मोकळ्या करणारी) गोळी चालू असेल तर जास्त सांभाळा. ती अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल करते, आणि वरून चहा-कॉफीचे कप वाढले की छातीत धडधडही वाढते.

आता सल्फाइट, म्हणजे पदार्थाचा रंग राहावा आणि तो टिकावा म्हणून घालतात ती गंधकाची रसायनं. बेदाणा सोनेरी दिसावा म्हणून त्याला गंधकाची धुरी देतात. गूळ पिवळाधमक व्हावा म्हणून काहिलीत हायड्रॉस ही गंधकयुक्त पावडर टाकतात. सरबतं आणि स्क्वॅश टिकावेत म्हणून केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) घालतात, अगदी घरच्या स्क्वॅशमध्येही. कोळंबी काळी पडू नये म्हणूनही सल्फाइट वापरतात. आंबट पदार्थात किंवा पोटातल्या आम्लाशी गाठ पडल्यावर यातून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो, तो श्वासात जातो आणि काही मिनिटांत छाती आवळते. दमा असलेल्या प्रत्येकालाच हे होत नाही, थोड्यांनाच होतं. पण ज्यांना होतं त्यांचा झटका गंभीर असू शकतो. पाकिटावरच्या घटकांच्या यादीत आयएनएस (पदार्थात घातलेल्या रसायनाचा क्रमांक) 220 ते 228 यातला आकडा आहे का ते बघा. सुटा माल घेताना धुरी न दिलेले काळे मनुके आणि गडद तपकिरी गूळ त्यातल्या त्यात बरे. बेदाणे धुतल्याने सल्फाइट पूर्ण निघत नाही. सरबताला ताजं लिंबू पिळा, किंवा केवळ मिठावर टिकवलेलं कोकमाचं आगळ वापरा. ते खारट असतं, म्हणून वरून मीठ घालू नका.

वजन जास्त असेल तर सगळ्यात जास्त फायदा तिथेच आहे. 80 किलोच्या माणसाने 4 ते 8 किलो उतरवले तरी दमा आटोक्यात ठेवणं सोपं जातं. रोज दोन्ही जेवणांत भाजी आणि दिवसातून दोनदा फळ ठेवा. आणि फोडणीत तिखट घालायचं ते गॅस बंद करून. जळक्या मिरचीचा ठसका दम्याच्या माणसाला शेजारच्या खोलीतही भोवतो.

एखाद्या पदार्थाचा संशय असेल तर पीक फ्लो मीटर घ्या, म्हणजे जोरात फुंकल्यावर श्वास किती वेगाने बाहेर पडतो ते आकड्यात दाखवणारी नळी. सकाळ-संध्याकाळ तीन फुंकरा मारून त्यातला सर्वांत मोठा आकडा वहीत लिहा. शेजारी काय खाल्लं, किती वाजता खाल्लं आणि आराम देणारा पंप किती वेळा लागला तेही. एका वेळी एकच पदार्थ दोन आठवडे बंद ठेवा, मग पुन्हा सुरू करून बघा. चार पदार्थ एकदम सोडले तर काहीच कळत नाही. तुमचा नेहमीचा चांगला आकडा 400 असेल आणि तो 320 च्या खाली गेला, तर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या योजनेप्रमाणे औषध घ्या. या काळात रोजचा इनहेलर एकदाही चुकवायचा नाही, नाहीतर फरक पदार्थामुळे पडला की औषध सुटल्यामुळे, हे वहीवरून सांगता येणार नाही. कोजागिरीच्या खिरीतून किंवा मृगाला हैदराबादच्या माशातून औषध घेऊन आल्यावर इनहेलर बंद करणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे: तो बंद केल्यावर श्वासनलिकेची सूज हळूहळू परत येते, म्हणून पहिले काही दिवस बरं वाटतं.

ज्या पदार्थाने पूर्वी ओठ किंवा जीभ सुजली असेल, तो घरी पुन्हा खाऊन बघू नका. ती तपासणी ॲलर्जीच्या डॉक्टरांकडेच करायची.