कडी मी लावली

आमच्या गावात 'पिंजरा लावा' ही मागणी असते. ओतूरकडच्या उसात बिबट्या दिसला, कुणाची शेळी गेली, कुणाचं कुत्रं गेलं, की चार माणसं वनखात्याच्या ऑफिसात जाऊन हेच म्हणतात. मग पिंजरा येतो. त्याच्या मागच्या कप्प्यात बोकड नाहीतर कोंबडी ठेवतात आणि सगळी वस्ती वाट बघत बसते. सापडलेल्या बिबट्यांतले काही माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात जातात. लहानपणी मला पिंजरा म्हणजे निर्धास्त झोप, एवढंच माहीत होतं.

त्यामुळे २०१६ साली बँकेतून तीन महिन्यांची बिनपगारी रजा काढून बोलिव्हियाला निघाले, आणि तिथं सोडवून आणलेल्या जनावरांच्या केंद्रात पिंजऱ्यातल्या प्यूमाला, म्हणजे तिकडच्या मोठ्या रानमांजराला, रोज जंगलात फिरवून आणायचं काम आहे असं सांगितलं, तेव्हा मामा म्हणाले, "आपण धरायला पिंजरा मागतो, आणि तू बाहेर काढायला एवढ्या लांब चाललीस?" राहण्या-जेवणाचे पैसेही मीच भरणार हे कळल्यावर त्यांनी हात जोडले. पैसे देऊन हमाली! चूक नव्हतं त्यांचं. पहिले चार दिवस मी फक्त मांस कापलं, भांडी घासली आणि पालापाचोळा ओढला.

सांता क्रूझ शहरातून त्रिनिदाद या बोलिव्हियातल्याच शहराच्या रस्त्याला रात्रीची बस पकडायची, पाच-सहा तासांनी ग्वारायोस भागात उतरायचं. रस्त्याच्या एका बाजूला गुरांची कुरणं, दुसऱ्या बाजूला आमचं जंगल. पहाटे हाउलर माकडं ओरडायला लागली की उठायचं, बूट उलटे करून झटकायचे (एकदा विंचू पडला, नंतर कधी विसरले नाही) आणि घामानं चिकटलेल्या शर्टावर दुसरा शर्ट चढवायचा, कारण एकातून डास आरामात चावतात.

माझ्या वाट्याला आली ती मादी प्यूमा. तिचं कागदावरचं नाव स्पॅनिश होतं, मी मनात तिला अक्का म्हणायची. आई शिकाऱ्यानं मारलेली. पिल्लू असताना कुणीतरी रस्त्याकडेच्या खाणावळीत आणून साखळीला बांधलं, गिऱ्हाइकांनी उरलंसुरलं खायला घातलं. अशी जनावरं परत जंगलात सोडता येत नाहीत. शिकार शिकवायला आई नाही आणि माणसाची भीती नाही; भूक लागली की ती थेट घराकडंच येणार. बोलिव्हियानं २००९ साली सर्कशीत कुठलाच प्राणी वापरायला बंदी घातली, त्यानंतर २०११ साली २५ सिंह विमानात घालून अमेरिकेत कोलोरॅडोला नेले. त्यांची बातमी झाली. अक्कासारख्या घरच्याच जनावराला मात्र कुणी विमान पाठवत नाही.

प्यूमा डरकाळी फोडत नाही. रात्री केंद्रातले जॅग्वार करवतीनं लाकूड कापावं तसे आवाज काढायचे, अक्का मांजरासारखी घुरघुरायची. मूड असला की माझ्या हातावरचा घाम चाटायची, मिठासाठी. जीभ म्हणजे खडबडीत कानस. तीन-चार वेळा चाटलं की कातडी लाल व्हायची, पण हात काढून घ्यायची छाती होत नसे. गावाकडं कुणाला हे सांगितलं की लगेच विचारतात, पिल्लांबरोबर फोटो काढता येतो का? नाही. आणि जिथं काढता येतो तिथं जाऊ नका. दक्षिण आफ्रिकेत कुरवाळायला दिलेले सिंहाचे छावे मोठे झाल्यावर कुंपणातल्या शिकारीला विकले गेलेत.

सप्टेंबरचा दुसरा आठवडा. तिकडं हा वणव्याचा हंगाम. पाऊस यायच्या आत शेतकरी रान जाळून जमीन मोकळी करतात, त्याला चाकेओ म्हणतात. आमच्याकडं मावळतीच्या गावांत राब भाजतात, तसंच काहीसं. फरक एवढाच की तिथं वारा सुटला की राब हाताबाहेर जाऊन डोंगर खातो. तीन दिवस उत्तरेचा कोरडा वारा सुटला होता. सूर्य भर दुपारी तांब्याच्या ताटासारखा दिसायचा. धूर रोजचाच, म्हणून त्या दिवशीही अकराच्या सुमाराला आम्ही अक्काला घेऊन निघालो. दोर माझ्या हातात, मागं आमचा बोलिव्हियन सोबती, तिथला पगारी माणूस, वयानं माझ्याहून लहान आणि अनुभवानं दहापट मोठा.

तळ्याकाठी अक्का नेहमीसारखी आडवी झाली. अर्ध्या तासानं वॉकीटॉकी खरखरली. आग शेजारच्या कुरणातून आमच्या हद्दीत शिरली होती. सगळ्यांनी परत या.

अक्का उठेना.

नाव घेतलं, टाळ्या वाजवल्या, पाल्याची फांदी हलवली. मी दोर जरासा ताणला. तिनं कान मागं पाडले आणि ओठ वर करून फिस्कारली. चाळीस किलोच्या मांजराला ओढून नेता येत नाही, आणि ते चिडलं तर कोण कुणाला नेईल सांगता येत नाही. धूर आता वासापुरता राहिला नव्हता, डोळ्यांत जात होता. वरून पोपटांचा थवा एकाच दिशेनं ओरडत गेला. माझी नजर तिच्या गळपट्ट्यावरच्या कॅराबिनरवर, दोर अडकवायच्या हुकावर, खिळली. अंगठ्यानं दाबलं की उघडतो. एक सेकंद. तिचे पाय माझ्यापेक्षा वेगवान, ती पळेल, वाचेल.

सोबत्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याला कळलं असावं. तो एवढंच म्हणाला, "आ ला कारेतेरा." रस्त्याकडं. म्हणजे ती जंगलात जाणार नाही, रस्त्याला जाईल, तिथून पहिल्या दिसेल त्या घराकडं. आणि कुरणवाल्या घरांत बंदूक असते.

आजोबा कालवड घरी आणताना दावं ओढत नसत. दावं सैल सोडून, तिच्याकडं न बघता पुढं चालायला लागायचे. का ते मला तिथं आठवलं, कुणास ठाऊक. मी दोर सैल केला, पाठ फिरवली आणि चार पावलं गेले. प्यूमाकडं पाठ करू नये हा पहिल्या दिवशी शिकवलेला नियम. सोबती तिच्या बाजूला उभा होता म्हणूनच धाडस झालं. पाचव्या पावलाला मागं पाचोळा वाजला. अक्का माझ्या गुडघ्याला खांदा घासून पुढं झाली आणि जसं काही परत जायचं तिच्याच मनात होतं, अशी चालू लागली.

तो पाऊण तास मला नीट आठवत नाही. आठवतो तो पिंजऱ्याचा दरवाजा. ती रोजच्या सवयीनं आत गेली, पाण्याच्या टाकीशी वाकली. मी कॅराबिनर काढला, दरवाजा ओढला आणि कडी लावली. वणवा येत असताना मीच. मग कुलूप. कुलपाची किल्ली खिशात टाकताना हाताला इतका कंप होता की ती दोनदा पडली.

त्यानंतर बोलायला वेळ नव्हता. पिंजऱ्यांच्या पट्ट्याभोवती जाळरेषा आधी काढलेली होती, पण वाऱ्यानं तिच्यावर पुन्हा पाला आणून टाकला होता. कोयते, फावडी, पंजे घेऊन वीस-बावीस माणसं कामाला लागली. उघडी माती दिसेपर्यंत ओढायचं, वेली तोडायच्या, पाठीवरच्या पंपानं कडा भिजवायची. ओल्या फडक्यानं तोंड बांधलं होतं, ते तासाभरात काळं झालं. बुंध्यात धुमसणारं झाड मध्येच कडाड करून पडायचं आणि ठिणग्या रेषेच्या अलीकडं यायच्या, त्या बुटांनी विझवायच्या. दर तासानं कुणीतरी पिंजऱ्यांवर पाणी मारून यायचं. माझी पाळी आली तेव्हा अक्का मागच्या कोपऱ्यात, माचाखाली, पोट जमिनीला लावून बसली होती. घुरघुर नाही, फिस्कारणं नाही. नुसते डोळे. मी पाणी मारलं आणि निघाले. तिच्याशी काय बोलावं ते सुचलं नाही.

पहाटे तीनच्या पुढं वारा थांबला. एकदम. मग दक्षिणेकडून गार झुळूक आली, आणि तिथली माणसं हसायला लागली. सुरासो! हा दक्षिणेचा थंड वारा आला की तापमान धाडकन खाली येतं आणि बऱ्याचदा भुरभूर पडते. उजाडताना पडलीच. आग जाळरेषेच्या पलीकडं, अक्काच्या पिंजऱ्यापासून दीड-दोनशे पावलांवर बसली. पुढं २०१९ साली त्याच सांता क्रूझ प्रांतात चिकितानियाचं जंगल लाखो हेक्टर जळालं, तेव्हा मी पुण्यात बसून नकाशा बघत होते. आमची ती रात्र म्हणजे त्यापुढं काहीच नाही.

सकाळी दरवाजा उघडून मी बाजूला झाले. अक्कानं उंबऱ्याशी येऊन राखेचा वास घेतला, माझ्या मनगटावर एकदा जीभ फिरवली, थुंकल्यासारखी मान झटकली आणि परत आत जाऊन झोपली.

दोन दिवसांनी गावात रेंज मिळाली तेव्हा घरी फोन लावला. तिकडं संध्याकाळ होती. आई वणव्याचं ऐकायच्या आधीच सांगायला लागली, की आपल्या वरच्या वावरात बिबट्या आलाय, वासरू ओढत होता, आज खात्यानं पिंजरा लावला.

"कुठं लावलाय?"

"बांधावर, विहिरीच्या अंगाला."

"सावलीत आहे का?"

"आं?"

"पिंजरा, आई. सावलीत ठेवलाय का?"