पोट भरल्याचा निरोप उशिरा पोचतो

माझं एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ५.९ टक्के आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या अलीकडची पायरी. डॉक्टरांनी औषध न देता आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. आता पदार्थांची बंदी येणार, या तयारीनं मी गेले होते. त्यांनी दिली एक वही. जेवणाआधी आणि जेवणानंतर भुकेला एक ते दहापैकी आकडा द्यायचा, बाकी काही बदलायचं नाही.

त्या वहीनं मला सगळ्यात जास्त शिकवलं. दुपारी भूक खरी असायची. संध्याकाळी घरी आल्यावर मात्र आकडा अगदी कमी, तरी हात डब्याकडे जायचा. तो थकवा होता. अपुऱ्या झोपेनं घ्रेलिन हे भूक लावणारं संप्रेरक वाढतं, हे त्यांनी सांगितलं आणि वहीतली कितीतरी पानं उलगडली.

मग वेग. जठर ताणलं की व्हेगस या मज्जातंतूतून मेंदूला कळतं; शिवाय अन्न आतड्यात उतरलं की सीसीके, जीएलपी-१ अशी संप्रेरकं तृप्तीचा निरोप देतात. याला साधारण २० मिनिटं लागतात. माझं जेवण त्याच्या आत उरकायचं, म्हणजे तोवर दुसरी वाढही पोटात गेलेली असायची. म्हणून तोंडातला घास गिळल्याशिवाय पुढचा हातात घ्यायचा नाही, असं ठरवलं. फोन लांब ठेवणं याहून अवघड गेलं. सुरुवातीला जेवताना अक्षरशः करमत नसे.

प्रमाणाचं म्हणाल तर मला पटलेली गोष्ट अशी, की माप वाढून घेतानाच ठरतं. समोर जास्त असलं की माणूस जास्त खातो. जेवायला बसल्यावर मनाला आवर घालत राहणं फार दमवणारं आहे. मी भांडी ओट्यावरच ठेवते. अर्धं ताट भाज्या-फळांचं, पाव भाग प्रथिनांचा, पाव धान्याचा. पाकिटातलं काहीही आधी वाटीत काढून घेते. पुन्हा घ्यावंसं वाटलं तर थोडं थांबते, आणि भूक असेल तर निःसंकोच घेते. उपाशी राहणं यात कुठेच नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

गोड बंद केलेलं नाही. लहान तुकडा घेते, चव लागेपर्यंत जिभेवर ठेवते. पहिल्या दोन-तीन घासांनंतर चवीची मजा ओसरते, हे लक्ष देऊन खाल्ल्यावरच कळलं.

पुढच्या तपासणीत आकडा ५.६ वर आला. डॉक्टरांनी हेच चालू ठेवायला सांगितलंय.

एक कळकळीनं सांगते: इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि खाण्याची भीती किंवा अपराधी भावना आधीपासून छळत असेल, तर आकड्यांची वही एकट्यानं सुरू न करता तज्ज्ञांच्या सोबतीनंच करा.