सुटी केलेली टर्की

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, म्हणजे थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाला, न्यू जर्सीतील आमच्या घरी दहा-बारा माणसे जेवायला असतात आणि सहा-साडेसहा किलोंची टर्की अखंडच टेबलावर यावी, अशी सर्वांची अपेक्षा असते. काही वर्षे मीही तशीच भाजली. दर वेळी छातीचे मांस भुशासारखे कोरडे व्हायचे आणि मांडीचे मांस मात्र चावता चावत नसे.

याचे कारण पक्ष्याच्या अंगातच आहे. छातीचे मांस पांढरे आणि कमी चरबीचे असते; अमेरिकेच्या कृषी खात्याने सुरक्षित म्हणून सांगितलेल्या ७४ अंश सेल्सिअसच्या फार पुढे ते गेले की त्यातील रस निघून जातो. चालणाऱ्या पायांचे मांस निराळे. त्यातील कोलॅजेन, म्हणजे मांस चिवट करणारे प्रथिन, ८० अंशांच्या पुढे बराच वेळ राहिल्याखेरीज नीट विरघळत नाही. आपल्याकडचा खाटीक चाप, मांडी आणि सीना वेगळा काढून देतो, हे लहानपणापासून पाहूनही मला टर्कीच्या बाबतीत हे सुचायला इतकी वर्षे लागावीत, याचे आश्चर्य वाटते.

आता गोठलेला पक्षी मी शनिवारीच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवते, कारण दर दोन किलोंना साधारण एक दिवस लागतो. मंगळवारी रात्री तो कापायचा. मांडी बाहेरच्या बाजूला वाकवली की खुब्याचा सांधा कट्‌कन सुटतो आणि सुरी हाडावर न घासता त्या फटीतून अलगद जाते. हाड लागले तर जोर न करता सुरी थोडी सरकवावी. गळ्याजवळचे दुबेळक्याच्या आकाराचे हाड आधीच काढून टाकले, तर छातीचे काप पुढे सहज पडतात. मग किलोला सुमारे दहा ग्रॅम मीठ चोळून तुकडे न झाकता फ्रीजमध्ये ठेवायचे, म्हणजे कातडी सुकते. मिठाचे पाणी टोचलेली टर्की मिळाली असेल तर मीठ बरेच कमी करावे; एकदा वेष्टनावरची बारीक अक्षरे न वाचल्याची शिक्षा सर्व पाहुण्यांनी भोगली आहे.

बुधवारी कणा, मान आणि उरलेली हाडे कांदा, गाजर व सेलरीबरोबर तीन-चार तास उकळून रस काढते. त्याच रसात अर्धे बुडतील इतपत पाय ठेवून, झाकण घालून १५० अंशांवर अडीच तास शिजवते, आणि गुरुवारी ते झाकण काढून फक्त गरम करते. उरलेल्या रसाची ग्रेव्ही होते. त्यामुळे गुरुवारी ओव्हन मुख्यतः छातीसाठी मोकळा राहतो. हाडासकट छाती १६५ अंशांवर पावणेदोन-दोन तासांत होते, पण घड्याळापेक्षा सर्वांत जाड भागात खुपसलेल्या थर्मामीटरवर विसंबावे, आणि बाहेर काढल्यावर वीस मिनिटे तिला हात लावू नये.

अखंड पक्ष्याचा थाट गेला, हे खरे. एका पाहुण्यांनी तर टर्की कुठे आहे, असे ताट समोर असताना विचारले. पंख मात्र मला अजून साधलेले नाहीत. छातीबरोबर भाजले तर वातड राहतात आणि पायांबरोबर शिजवले तर कातडी लिबलिबीत होते, म्हणून सध्या ते सरळ रसाच्या पातेल्यात जातात.