कूरस: वर पिवळा राजवाडा, खाली समुद्रातली खाण

स्कॉटलंडला येणारे आपले लोक एडिनबराचा किल्ला, लॉक नेस आणि जमलंच तर स्काय बेट करून परत जातात. त्यात चूक काही नाही, पण एडिनबराहून गाडीने तासाभरात पोचता येईल असं फोर्थच्या खाडीच्या उत्तर काठावर कूरस नावाचं एक एवढंसं गाव आहे (नकाशावर स्पेलिंगवरून कल्रॉस वाचाल, तेच हे). फोटो बघितले असतील तुम्ही, पिवळाधमक राजवाडा, लाल कौलं, दगडी गल्ल्या, एका गाजलेल्या सिरियलचं शूटिंगही इथे झालंय त्यामुळे सेल्फीवाल्यांची गर्दी असतेच. आणि सगळे 'किती क्यूट' म्हणून निघून जातात. माझी चिडचिड तिथेच होते, कारण चारशे वर्षांपूर्वी इथे क्यूट काहीही नव्हतं, नुसता धूर होता.

पहिलं म्हणजे तो राजवाडा कुठल्या राजाचा नाहीच. सर जॉर्ज ब्रूस नावाच्या व्यापाऱ्याने 1597 ते 1611 च्या दरम्यान बांधलेलं राहतं घर आहे ते. पैसा आला कोळशातून. इथे 1217 मध्ये मठ स्थापन झाला होता, तिथले साधू कोळसा काढायचेच पण पुढे ती खाण बंद पडली, 1575 मध्ये ब्रूसने ती भाडेपट्ट्याने घेतली आणि कोळशाचा थर जिकडे जातोय तिकडे, म्हणजे सरळ समुद्राखाली खणत गेला. आणि पठ्ठ्याने अजून एक केलं, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात गोल दगडी भिंत बांधून एक कृत्रिम बेट उभं केलं आणि त्यातून खाली खाणीत उतरणारी दुसरी विहीर (म्हणजे उभी वाट) पाडली, 1595 च्या सुमाराला. त्याला मोट पिट म्हणतात. जहाज थेट त्या बेटाला लागायचं आणि कोळसा तिथेच भरला जायचा, किनाऱ्यापर्यंत ओढत आणायची भानगड नाही. खाणीत झिरपणारं पाणी उपसायला रहाटगाडगं होतं, 36 पोहरे, 18 भरून वर येणार 18 रिकामे खाली जाणार, ओढायला तीन घोडे.

1617 मध्ये राजा सहावा जेम्स ही खाण बघायला आला. गोष्ट अशी सांगतात की जमिनीवरून आत शिरला, चालत चालत त्या बेटावर बाहेर निघाला आणि चहूबाजूंनी पाणी बघून 'दगा! दगा!' ओरडायला लागला, मग ब्रूसने शेजारी बांधलेली होडी दाखवली. खरंखोटं देव जाणे, पण गावात ही गोष्ट ऐकल्याशिवाय सुटका नाही.

उरलेला हलका कोळसा मिठासाठी. इथल्या उन्हावर मिठागरं कुठली चालणार, म्हणून समुद्राचं पाणी मोठमोठ्या लोखंडी कढयांत घालून खाली रात्रंदिवस जाळ, मळी वर यावी म्हणून त्यात बैलाचं रक्त ओतायचे. मिठाच्या कित्येक पट कोळसा जळायचा. शिवाय गावात लोहार होते, ओटच्या भाकऱ्या भाजायचे सपाट तवे बनवणारे, आणि 1599 पासून राजाज्ञेने तव्यांची मक्तेदारी कूरसकडे होती. म्हणजे घणांचा ठणठणाट, कढयांची वाफ आणि धूर, आता तुम्ही करा त्या पिवळ्या घराची कल्पना.

पण जे राजवाड्याच्या टूरमध्ये घाईघाईत उरकतात ते वेगळंच आहे. 1606 मध्ये स्कॉटिश पार्लमेंटने कायदा केला, खाणकामगार, कोळसा वाहणारे आणि मीठवाले यांना आधीच्या मालकाच्या दाखल्याशिवाय कुणी कामावर ठेवायचं नाही. पळून गेला तर एक वर्ष आणि एक दिवसाच्या आत मालक त्याला परत मागू शकतो आणि शिक्षा चोराची, चोरी कसली तर स्वतःचीच! वर मालकांना भटके-भिकारी पकडून कामाला जुंपायची मुभा. पुढेपुढे तर बारशालाच आईबापाच्या हातावर पैसे टेकवून पोराला खाणीला बांधून घ्यायची पद्धत पडली. हे सगळं पूर्ण संपलं 1799 मध्ये, बाकी बायका आणि मुली त्यानंतरही खाणीत पाठीवर कोळसा वाहत होत्या, 1842 च्या कायद्यापर्यंत. पिवळ्या घराच्या छतांवरची ती सुंदर चित्रं ज्या कोळशाच्या पैशातून आली तो कोळसा वर आणणारे हे असे लोक.

1625 च्या वादळात समुद्र मोट पिटमध्ये घुसला आणि खाण बुडाली. त्याच वर्षी राजाही गेला आणि ब्रूसही. मीठ आणि तवे आणखी बराच काळ चालले, मग 1759 मध्ये खाडीपलीकडे कॅरनचा ओतकामाचा कारखाना निघाला आणि हाताने घडवलेले तवे कोण घेणार. गाव गरीब झालं ते झालंच, आणि माझ्या मते म्हणूनच वाचलं, जुनी घरं पाडून नवी बांधायला पैसा होता कुणाकडे? 1932 मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेने तो राजवाडा अवघ्या 700 पौंडांना घेतला.

गेलात तर राजवाडा बघा, पण मग किनाऱ्याच्या पायवाटेने पूर्वेला व्हॅलीफील्डकडे चालत जा. तिथे प्रेस्टन आयलंड आहे, सर रॉबर्ट प्रेस्टन म्हणजे आपल्या त्या ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर कॅप्टन राहून गब्बर झालेला माणूस, त्याने 1800 च्या आसपास तिथे खाण आणि मिठाच्या कढया टाकल्या, 1811 मध्ये खाणीत स्फोट झाला. पडक्या भिंती अजून आहेत. फक्त आता ते बेट राहिलेलं नाही, पश्चिमेच्या लाँगॅनेट वीजकेंद्रातली कोळशाची राख वर्षानुवर्षं तिथे टाकून मधली खाडी भरली गेली. लाँगॅनेटची खाणही फोर्थखालीच होती, 2002 मध्ये पाणी भरून बंद पडली, स्कॉटलंडची शेवटची खोल खाण. वीजकेंद्र 2016 ला बंद, चिमणी 2021 च्या डिसेंबरमध्ये पाडली. मोट पिटचे दगड बघायचे असतील तर ओहोटीची वेळ आधी बघून निघा आणि बूट जुने घाला, चिखल भयंकर आहे.