तीस वर्षं विणलं, ती लोकर नव्हती

आमच्या श्रीवर्धनला थंडी म्हणजे पहाटे अंगणात निघताना खांद्यावर शाल. पारा १७-१८ अंशांवर आला की वाडीत शेकोट्या पेटतात. लेक-जावई लेहला राहायला गेले आणि "जानेवारीत या, चांगले वीस दिवस राहा" असं लेक म्हणाली, तेव्हा तिथला रात्रीचा उणे १५ ऐकूनही मी घाबरले नाही. तीस वर्षं विणते आहे मी. वाडीतल्या कितीतरी बाळांची टोपडी माझ्या हातची आहेत. आम्हा दोघांचे स्वेटर, कानटोप्या, पायमोजे दिवाळीपर्यंत सहज होतील, असा हिशेब केला आणि पहिले टाके सुयांवर घेऊन तिला फोटो पाठवला.

तिचा लगेच फोन आला. "आई, त्यातला एक धागा जाळून बघ."

देवापुढच्या निरांजनावर धागा धरला. तो आक्रसला, वितळला आणि गार झाल्यावर टोकाला काळा कडक मणी उरला. वास प्लॅस्टिकचा. मग माळ्यावरून सासऱ्यांची घोंगडी काढली आणि तिच्या दशीतला एक धागा धरला. केस जळल्याचा वास आला, ज्योतीबाहेर काढताच धागा विझला आणि राख चिमटीत भुगा झाली. त्या संध्याकाळी माझं जेवणात लक्ष नव्हतं. आपल्याकडे दुकानात "लोकर" मागितली की बहुतेक वेळा ॲक्रिलिकच, म्हणजे कृत्रिम धागाच, हाती येतो. शब्द तोच राहिला आणि वस्तू बदलली, ते मला कधी कळलंच नाही.

पुढचे दोन महिने मी खऱ्या लोकरीच्याच मागे होते. एका दुकानातून "शुद्ध लोकर" अशी चिठ्ठी लावलेला मफलर मागवला, तोही निरांजनावर वितळला. तेव्हापासून मी चिठ्ठीवरचं बारीक अक्षर वाचते. कुठला धागा किती टक्के, ते तिथे असतं. नसेल तर माल परत.

सगळ्यात उपयोगी पडला तो मायक्रॉनचा आकडा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि लोकरीच्या एकेका केसाची जाडी त्यात मोजतात. केस साधारण ३० मायक्रॉनच्या पुढे गेला की तो वाकत नाही, टोक कातडीला टोचत राहतं. "मला लोकर सोसत नाही" असं आपण म्हणतो, त्यात पुष्कळदा दोष लोकरीचा नसून त्या जाडीचा असतो. हे माझं मी करून पाहिलं. जो नमुना मिळेल त्याची पट्टी मानेला बांधायची आणि तासभर घरकाम करायचं. आमच्या दमट हवेत टोचणारी लोकर दहा मिनिटांत कळते.

घोंगडी अर्थातच टोचली. ती दख्खनी मेंढीची, ३० च्या बरीच पुढची, त्यात चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेली. हिमाचलातून मागवलेली हातकताई लोकर मधली निघाली: मानेला नको, पण शर्टावरून उत्तम. मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर १८-१९ मायक्रॉनची होती, बांधली आहे हेच मी विसरले. अंगोरा सशाची लोकर त्याहून मऊ. तिचा केस आतून पोकळ असल्याने ती हलकी नि फार उबदार, पण निसरडी. नुसतीच विणली तर केस गळतात, म्हणून कुलूकडे ती मेंढीच्या लोकरीत मिसळतात. तसल्या मिश्र धाग्याच्या मी कानटोप्या विणल्या.

पश्मिन्यासाठी जीव फार ओढत होता. लडाखातल्या चांगथांगच्या पठारावरच्या शेळीची ती आतली लव, १२ ते १६ मायक्रॉनची, वसंतात विंचरून काढलेली. एका शेळीपासून वर्षाला कामाची लव निघते ती शंभर-दीडशे ग्रॅम. काश्मिरी पश्मिन्याला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी त्या नावावर व्हिस्कोजच्या शाली सर्रास खपतात. व्हिस्कोज म्हणजे लाकडाच्या लगद्याचा धागा, तो जाळला की कागदाचा वास येतो. खरी शाल परवडली असती तरी रोज अंगावर रगडायला ती नाजूक, म्हणून नाही घेतली. निर्णय बरोबर होता, पण मन अजून तिथेच आहे.

शेवटी ठरलं ते असं: अंगालगत मेरिनोचे विकतचे पातळ सदरे, त्यावर हिमाचली लोकरीचे मी विणलेले जाड स्वेटर, आणि सगळ्यात वर वारा अडवणारं जाकीट. स्वेटरच्या टाक्यांत हवा अडकते आणि तीच ऊब देते, पण वारा त्यातून आरपार जातो, म्हणून जाकीट सोडून चालत नाही. हे "घोंगडी कशाला?" म्हणाले, तरी मी ती बांधून घेतली.

लेहमध्ये ती गादीखाली अंथरली. एरवी गादीतून वर येणारा गारठा तिने रोखला. लेकीच्या घरमालकीणबाई आल्या, त्यांनी घोंगडी दोन बोटांत चोळून पाहिली आणि स्वतःच्या गोंचाची, म्हणजे लडाखी पायघोळ अंगरख्याची, बाही माझ्या हातात दिली. तो नंबूचा, म्हणजे तिथल्याच मेंढीच्या लोकरीच्या कापडाचा. आमच्या घोंगडीसारखाच खरखरीत, दणकट. मला सासरे आठवले. आषाढात चिखलणीला जाताना घोंगडीची खोळ डोक्यावर घेत. वरून पाणी निथळायचं आणि आतून ते कोरडे राहायचे. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा पोटात घेते तरी ओली लागत नाही, उलट तो शोषताना थोडी ऊब सोडते. हे वाचलं लेहला, पण पाहिलं होतं आमच्या शेतात.

परत आल्यावर खरी काळजी पावसाळ्याची. कसर घामाचे डाग आधी खाते, म्हणून ठेवण्याआधी धुणं सुटत नाही: रिठ्याच्या पाण्यात, गार, न पिळता, टॉवेलवर आडवं पसरून. गरम पाण्यात चोळाल तर लोकरीचे केस एकमेकांत अडकून कपडा लहान होतो. जून लागण्याआधी ऊन दाखवलं, वेखंडाच्या पुरचुंड्या घातल्या आणि पत्र्याची ट्रंक बंद केली.

घोंगडी मात्र लेकीकडेच ठेवून आले. भातकापणी झाली की घाटावरून धनगरांचे वाडे आमच्याकडे उतरतात, खतासाठी शेतात मेंढरं बसवतात. या खेपेला वाडा आला की त्यांना विचारून नवी मागवायची आहे. माप लिहून ठेवलंय, सासऱ्यांच्या घोंगडीएवढंच.