मग स्प्रिंटला जाऊन करता तरी काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. स्प्रिंट म्हणजे एखाद्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पावर (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो) काम करणाऱ्यांनी आठवडाभर एका घरात एकत्र बसणं. नातेवाईक विचारतात, रजेचा अर्ज बघून ऑफिसातले विचारतात, आता इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची मुलंही विचारायला लागली आहेत: "मुक्त सॉफ्टवेअरचं सगळं काम इंटरनेटवरच चालतं ना? मग आठवडाभर एका घरात कोंडून घ्यायला एवढं लांब, तेही बिनपगारी, कशाला जायचं?" दरवेळी दोन वाक्यांत उत्तर देऊन मी विषय संपवते. यावेळी पूर्ण सांगते.

आधी हे कॉलेजातल्या हॅकेथॉनपासून वेगळं काढा. परीक्षक, बक्षीस, चोवीस तासांची मुदत यांतलं स्प्रिंटमध्ये काहीच नसतं. १९९९ च्या जूनमध्ये ओपनबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचे दहा जण कॅलगरीत जमले, त्यांनी हॅकेथॉन हा शब्द वापरला तेव्हाही त्यात स्पर्धा नव्हती. अमेरिकेच्या एन्क्रिप्शन-निर्यातीच्या (माहिती सांकेतिक करण्याचं तंत्र देशाबाहेर देण्याच्या) कायद्यात अडकू नये म्हणून ते कॅनडात बसून काम करत होते. आणि स्प्रिंट म्हणजे परिषदही नव्हे. २०२४ च्या फेब्रुवारीत पुण्यात सीओईपीमध्ये केडीई या, संगणकाचा डेस्कटॉप आणि त्यावरचे प्रोग्रॅम बनवणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची भारतीय परिषद भरली, तिथे व्याख्यानं होती, श्रोते होते. स्प्रिंटला श्रोते नसतात. बारा ते वीस माणसं असतात आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी अडलेलं असतं.

पूर्वी मी ठासून सांगायचे की तिथे आठवड्यात दोन महिन्यांचं काम उरकतं. ते चूक होतं. कोड घरीच जास्त लिहून होतो. घरी मोठा मॉनिटर असतो, शांतता असते, कोणी खांद्यावर हात ठेवून "जरा हे बघतेस?" म्हणत नाही. स्प्रिंटचा पहिला दिवस तर बहुतेक वाया जातो, आणि तो का जातो हे कळलं की तिथे नेमकं काय असतं तेही कळेल.

वीस माणसं म्हणजे वीस लॅपटॉप आणि वीस फोन. भाड्याच्या घरातला राउटर एका कुटुंबाच्या हिशेबाने बसवलेला. पहिल्या तासात सगळे एकदम कंटेनरच्या प्रतिमा (तयार सॉफ्टवेअरचे मोठे गठ्ठे) आणि गिटचे साठे (कोड आणि त्याचा इतिहास) ओढायला लागतात आणि नेट बसतं. यावर उपाय सोपा आहे. निघण्याआधी प्रत्येकाने साठा क्लोन करून (आपल्याकडे उतरवून), पूर्ण बिल्ड (कोडपासून चालता प्रोग्रॅम बांधणं) एकदा यशस्वी करून यायचं. केडीई ज्यावर उभं आहे ती क्यूट लायब्ररी (तयार कोडचा संच) मुळापासून बांधायला लॅपटॉपला काही तास लागतात. ते तास दिवाणखान्यात घालवायचे नाहीत. सीकॅश, म्हणजे एकदा बांधलेले तुकडे जपून ठेवणारं साधन, आधीच भरलेला हवा. आयोजकांपैकी एकाने साठ्यांचा आरसा, म्हणजे हुबेहूब प्रत, आपल्या लॅपटॉपवर ठेवायचा, म्हणजे बाकीचे घरातल्या घरात ओढतात.

विजेचंही तसंच. वीस लॅपटॉप, प्रत्येकी ६५ वॅट, म्हणजे १३०० वॅट. १० ॲम्पियरच्या सर्किटवर २३० व्होल्टला २३०० वॅट मावतात. त्याच सर्किटवर कोणी २००० वॅटची किटली लावली की अंधार. म्हणून किटली स्वयंपाकघरात, वेगळ्या सर्किटवर, आणि एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडायचं नाही. स्वित्झर्लंडला जाणार असाल तर आपल्याकडच्या जाड पिना तिथल्या सॉकेटमध्ये शिरत नाहीत, आणि जर्मनीसाठी घेतलेला जाड गोल ॲडॉप्टरही बसत नाही. दोन बारीक पिनांचा चपटा युरोप्लग मात्र बसतो.

एवढं जमलं की फळ्यावर कामांच्या चिठ्ठ्या लागतात. चांगल्या स्प्रिंटचा एक नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो: ज्या कामाचा रिव्ह्यू (तपासणी) करणारा त्याच खोलीत नाही, ते काम फळ्यावर लावायचं नाही. जो पॅच (कोडमधला बदल) रिव्ह्यूविना पडून राहणार तो घरीच लिहावा. इथे यायचं ते दोन माणसांच्या मध्ये अडकलेलं सोडवायला.

उदाहरण देते, कारण उदाहरणाशिवाय हे कोणालाच पटत नाही. त्या खोलीत मी नव्हते. जे घडलं ते जाहीर आहे.

स्वित्झर्लंडमध्ये झेरमाटकडे जाणाऱ्या खोऱ्यात रान्दा नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या एका घरात केडीईची मंडळी अनेक वर्षं जमायची. २०११ च्या जूनमध्ये तिथे 'प्लॅटफॉर्म ११' नावाची बैठक झाली. प्रश्न केडीईलिब्जचा, म्हणजे केडीईच्या प्रोग्रॅमना लागणाऱ्या लायब्ररींच्या संचाचा होता. सगळी लायब्ररी एकाच गाठोड्यात बांधलेली. एखाद्याला आपल्या प्रोग्रॅममध्ये फक्त झिप फाइल उघडायची असली तरी अख्खं गाठोडं उचलावं लागे, म्हणून केडीईबाहेरचे लोक त्याला हातच लावत नसत. गाठोडं सोडायला हवं हे सगळ्यांना मान्य होतं. पण कुठली गाठ आधी सोडायची?

अशी गोष्ट ईमेलवर अडते, त्यात कोणाचा आडमुठेपणा नसतो. एक क्लास (कोडचा एक तुकडा) हलवला की पाच जणांच्या कोडला धक्का लागतो. पाच जण चार टाइमझोनमध्ये. एकाचा आक्षेप यायला एक दिवस, त्यावर खुलासा दुसऱ्या दिवशी, तोवर तिसरा भलत्याच मुद्द्यावर उत्तर देतो. आक्षेपांची एक फेरी पुरी व्हायला आठवडा जातो, आणि अशा गाठी शेकड्यांनी. फळ्यासमोर उभं राहिलं की बाण काढता येतो, पुसता येतो, आणि ज्याच्या कोडवर बाण जातो त्याचा चेहरा समोर असतो. तो "चालेल" म्हणाला ते मनापासून की कंटाळून, हे दिसतं.

त्या प्रयत्नातून जी रचना आली ती आजही वापरात आहे. लायब्ररींचे तीन थर. पहिल्या थरातली लायब्ररी क्यूट आणि बाहेरच्या लायब्ररी सोडून दुसऱ्या कोणत्याही फ्रेमवर्कवर (केडीईच्या या सुट्या लायब्ररींचं हे नाव) अवलंबून राहणार नाही. दुसरा थर पहिल्यावर टेकू शकतो. तिसरा थर खालच्यांवर आणि आपल्या थरातल्यांवरही, पण वर्तुळ होऊ द्यायचं नाही. झिपचं काम करणारी केआर्काइव्ह पहिल्या थरात गेली, फाइली वाचण्या-हलवण्याचं काम करणारी केआयओ तिसऱ्यात. नियम इतका साधा आहे की तो पाळला जातो की नाही हे यंत्राने तपासता येतं, म्हणूनच तो टिकला. काही भाग तर थेट क्यूटमध्येच गेले. फाइली कुठे ठेवायच्या ते सांगणारा क्यूस्टँडर्डपाथ्स आणि फाइल कोणत्या प्रकारची ते ओळखणारा क्यूमाइमडेटाबेस हे त्यांतलेच. आज एलएक्सक्यूटीसारखा वेगळा डेस्कटॉपही यातल्या दोन-चार लायब्ररी उचलून वापरतो, आणि गाठोडं सुटलं नसतं तर हे झालं नसतं.

पण इथेच मला माझं जुनं वकीलपत्र खाली ठेवावं लागतं. या सुट्या लायब्ररींचा संच, केडीई फ्रेमवर्क्स ५.०, प्रसिद्ध झाला ७ जुलै २०१४ ला. म्हणजे बैठक आठवड्याची आणि काम तीन वर्षांचं, त्यातलं बहुतेक आपापल्या घरी बसून केलेलं. शिवाय २०११ च्या मे महिन्यातच क्यूट ५ ची घोषणा झाली होती, तेव्हा काही ना काही ठरवणं भागच होतं. मग श्रेय त्या घराला किती द्यायचं? मी ते देते, कारण तीन वर्षं टिकणारी सहमती मेलिंग लिस्टवर होताना मी फार क्वचित पाहिली आहे. पण हा माझा कौल आहे, पुरावा नव्हे.

आणि खोलीत ठरलेलं बाहेर नीट पोचलं नाही तर तोच स्प्रिंट प्रकल्पाचं नुकसान करतो. जे आले नाहीत त्यांना एक दिवस कळतं की आपल्या कोडचं भवितव्य जेवणाच्या टेबलावर ठरलं. म्हणून टिपणं घेणारा रोज वेगळा, टिपणं त्याच रात्री मेलिंग लिस्टवर, आणि प्रत्येक निर्णयाला 'प्रस्ताव' म्हणायचं. निदान आठवडाभर आक्षेपासाठी सोडायचा. शेवटच्या दिवशी दुपारनंतर नवं काही सुरू करायचं नाही. तेव्हाच कोणालातरी मोठी फेररचना करायची हुक्की येते, ती ब्रँच (मूळ कोडपासून वेगळी काढलेली प्रत) अर्धवट राहते, सगळे विमानात बसतात, आणि दोन महिन्यांनी ती मर्ज होण्यापलीकडे, म्हणजे मूळ कोडात मिसळता येण्यापलीकडे, गेलेली असते. स्प्रिंट फसला असं ज्याला म्हणतात त्यातलं निम्मं या शेवटच्या दुपारीच झालेलं असतं.

"भेटल्याने विश्वास बसतो" असंही मी म्हणायचे. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या, फाइली आकसवणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरचं प्रकरण आलं आणि त्या वाक्यावर मी अडले. 'जिया टॅन' नावाने कोणीतरी २०२१ पासून पॅच पाठवत होतं. २०२२ मध्ये अनोळखी खात्यांनी मेलिंग लिस्टवर धोशा लावला की काम मंदावलंय, दुसऱ्याला कोड बदलायचे हक्क द्या. एकट्याने प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरने तेव्हाच लिहिलं होतं की प्रकृतीमुळे फार करणं जमत नाही आणि हे बिनपगारी, छंदाचं काम आहे. पुढे 'जिया टॅन'ला हक्क दिले गेले, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार, म्हणजे घुसखोरीसाठी ठेवलेली चोरवाट, शिरलं. एसएसएचच्या (दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे शिरण्याच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खोदताना आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला ते सापडलं आणि २९ मार्चला त्याने जाहीर केलं.

समोरासमोर भेट झाली असती तर तो बनाव उघडा पडला असता का? मी तसं म्हणणार नाही. एवढी वर्षं धीर धरणारे लोक हसऱ्या चेहऱ्याचा माणूसही पाठवू शकले असते. मला खुपतं ते वेगळंच. एक माणूस दमलाय असं स्वतः लिहितो, आणि ते वाचून त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसायला कोणी नसतं. स्प्रिंटमध्ये तिसऱ्या दिवशी कोण थकलंय ते सांगावं लागत नाही. त्याच्या चिठ्ठ्या तशाच राहतात, मग दुसरा कोणी उठून त्यातल्या दोन स्वतःकडे घेतो. कोडच्या ओळी मोजणाऱ्याला हे दिसणार नाही, आणि मला हे आकड्यांत मांडता येत नाही.

तुमच्यातल्या काहींचा खरा आक्षेप मला ठाऊक आहे: हे सगळं ज्यांना व्हिसा मिळतो त्यांच्यासाठी. बरोबर आहे. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निमंत्रणपत्र, बँकेची स्टेटमेंट्स, ३०,००० युरोंचा आरोग्यविमा, परतीनंतर तीन महिने तरी वैध असलेला पासपोर्ट, आणि २०२४ च्या जूनपासून ९० युरो फी, जी नकार आला तरी परत मिळत नाही. तिकिटाचे पैसे प्रकल्पामागची संस्था देते, पण बहुधा नंतर, पावत्या बघून. तोवर ते तुमच्या खिशातून गेलेले असतात. विद्यार्थ्याला हे झेपत नाही आणि त्याला "ये ना" म्हणताना मला अपराधी वाटतं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमची जागतिक परिषद आणि तिच्या आधीचा कामाचा आठवडा कोचीला झाला, तेव्हा आपला व्हिसा वाचला. मग तो बाकीच्यांना भारताचा काढावा लागला. सगळ्यांना सारखी जवळ अशी जागा नाही, आणि ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी कोपऱ्यात कॅमेरा लावला की फळ्यावरचे बाण त्यांना दिसत नाहीत, पुसलेले तर नाहीतच. यावर माझं स्वतःशीच अजून भांडण चालू आहे.

तरी पुढच्या वर्षी जाणार आहे. येणार असाल तर पासपोर्टची तारीख आजच बघा, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी एक पूर्ण बिल्ड करून ठेवा.